नानांचं गेज आणि रटलंडची बदकं

दर महिन्याला एका ठरलेल्या रविवारी सकाळी मी बदकं मोजायला जाते. असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग विचारतो, मोजायला म्हणजे? म्हणजे अगदी तेच, एक दोन तीन चार. हातात दाबलं की एक आकडा पुढे सरकतो तो क्लिकर, गळ्यात दुर्बीण, एका हातमोज्याची बोटं कापलेली कारण पेन्सिल धरायची असते, आणि समोर रटलंड वॉटर नावाचं भलंमोठं पाणी.

रटलंड म्हणजे इंग्लंडमधला एक चिमुकला जिल्हा, इथल्या भाषेत काउंटी. सगळी मिळून 40 हजारांच्या आसपास माणसं, आमच्या एकट्या निफाड तालुक्यात याच्या कितीतरी पट असतील. 1974 मध्ये सरकारने तो शेजारच्या लेस्टरशरमध्ये घालून टाकला होता, लोकांना ते कधीच पटलं नाही आणि 1997 मध्ये त्यांनी आपला जिल्हा परत मिळवला. समुद्र कुठल्याच बाजूला नाही, चारी बाजूंनी जमीन, मेंढ्या, गव्हाची शेतं आणि मधाच्या रंगाच्या दगडाची घरं. मी लेस्टरला एका फार्मसीत काम करते, तिथून इथे यायला पाऊण तास लागतो, आणि गेली नऊ वर्षं मी हा रविवार सहसा चुकवलेला नाही.

ही मोजणी फक्त इथेच होत नाही. वेटलँड बर्ड सर्व्हे असं तिचं नाव, पण सगळे वेब्ज म्हणतात. त्याच दिवशी ब्रिटनभर हजारो लोक आपापल्या तळ्यावर, नदीवर, खाडीवर उभे राहून मोजत असतात, सगळे स्वयंसेवक. तारीख एकच ठेवायची कारण पाणपक्ष्यांना पंख आहेत, आज इथे मोजलेलं बदक उद्या पन्नास मैलांवर मोजलं गेलं तर एकाचे दोन होतात. अशी हिवाळी मोजणी इथे 1947 पासून चालू आहे. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा अंगावर काटा आला होता, म्हणजे आपल्याकडे तिरंगा फडकत होता त्या वर्षी इथे लढाईतून नुकतं बाहेर पडलेलं, रेशनवर जगणारं कुणीतरी चिखलात उभं राहून बदकं मोजत होतं.

मला यातलं काही येत नव्हतं. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडायचा आणि घरात बसून जीव गुदमरायचा, म्हणून एका रविवारी बस पकडून ओकम या इथल्या गावाला आले आणि चालत चालत एगल्टनच्या तळ्यांपर्यंत गेले. तिथे लाकडी खोल्या बांधलेल्या आहेत, त्यांना हाइड म्हणतात, आत बाक आणि भिंतीला आडव्या फटी, फटीतून बघायचं. मी आत जाऊन बसले तर समोर पाण्यात पाच-सहा बदकं एकमेकांच्या मागे गोल गोल फिरत होती. चोची पाण्यात खुपसलेल्या, मान वर करायचीच नाही, नुसतं फिरत राहायचं, एकाचा चेहरा दुसऱ्याच्या शेपटीला लागून, जणू पिठाची गिरणी चालू आहे. नराचं डोकं गर्द हिरवं, छाती पांढरीशुभ्र, कुशीला विटकरी रंग, आणि चोच ही एवढी मोठी, पुढे रुंद होत गेलेली, बाकीच्या अंगाला न शोभणारी. शेजारच्या आजोबांनी न विचारता आपला स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, शोव्हलर. स्कोपमधून बघितलं तर चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात दिसले. ती गोल फिरतात तेव्हा पाणी ढवळलं जातं, खालचे बारीक जीव वर येतात, आणि पुढच्याच्या पायाने ढवळलेलं मागचा त्या कंगव्यातून गाळून खातो. मी दीड तास तिथेच बसले, परतीची बस गेली.

त्या रात्री नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला, म्हटलं नाना आज एक बदक बघितलं, चोच अशी उलथन्यासारखी. नाना म्हणाले, "अगं, थापट्या तो. आपल्या क्वार्टरच्या मागं यायचा की, तू रोज त्याच्यासमोरून शाळेत गेली."

मला ते वाक्य फार लागलं. मी वाढले ती नांदूर मध्यमेश्वरला. पावसाळ्यात टीव्हीवर बातमी येते ना, नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीच्या दिशेने इतके हजार क्युसेक विसर्ग सोडला, तेच आमचं गाव. गोदावरी आणि कादवा भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्याच्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि कोपरगाव, राहात्यापर्यंत उसाला पाणी नेतात. नाना पाटबंधारे खात्यात होते. त्यांचं काम म्हणजे सकाळी उठून पहिल्यांदा गेज बघायचं. बंधाऱ्याच्या भिंतीला फूट आणि इंच रंगवलेली पट्टी असते, पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते बघायचं, रजिस्टरात लिहायचं, आणि वर फोन करून सांगायचं. पुरात तर दर तासाला, रात्रीसुद्धा, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात छत्री. असं त्यांनी 31 वर्षं केलं. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे, गेजकडे बघायचे, पाण्यावर बसलेल्या हजारो बदकांकडे बघितल्याचं मला काही आठवत नाही. होती तिथे, पाण्यासारखी, वाऱ्यासारखी. आता तिथे पक्षी अभयारण्य आहे, 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभर महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, चापडगावला मनोरा आहे, मुंबई-पुण्याहून लोक मोठमोठ्या लेन्स घेऊन येतात. आणि मी शोव्हलर बघायला सात हजार किलोमीटर लांब आले.

रटलंड वॉटरही माणसानेच केलेलं आहे हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. बघताना वाटतं की हे कायमचंच असणार. पण ग्वॉश नावाच्या एका ओढ्याएवढ्या नदीवर एंपिंगहॅमला मातीचं धरण घातलं आणि 1975 नंतर दरी भरायला सुरुवात झाली. नदीचं स्वतःचं पाणी पुरणार नव्हतंच, ते वेलंड आणि नीन या दोन नद्यांमधून पंपाने उचलून इथे आणतात. नेदर हॅम्बल्टन नावाचं खेडं पाण्याखाली गेलं. नॉर्मंटनचं चर्चही जायचं होतं, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून त्याच्या आतली जमीन दगडमातीने भरून अर्ध्या उंचीपर्यंत वर उचलली आणि भोवती बांध घातला, आता ते काठावर असं उभं आहे की गुडघाभर पाण्यात उतरलंय असं वाटावं. तिथून जाताना मी दरवेळी थांबते. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांची देवळं उन्हाळ्यात वर येतात तेव्हा लोक नारळ घेऊन जातात, ते मी पाहिलेलं आहे, नेदर हॅम्बल्टनला तेवढंही नशिबात नाही.

नाना इथे आले ते तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरअखेर. वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, पण थंडीची काळजी करू नको म्हणाले, निफाडच्या माणसाला थंडी शिकवू नये. खरंच आहे ते, दर डिसेंबरात पेपरात निफाडचा पारा येतोच. मंकी कॅप घातलेले नाना धरणाच्या भिंतीवर उभे राहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "साठा किती?"

मी आधीच शोधून ठेवलं होतं, म्हटलं 124 दशलक्ष घनमीटर. नाना तोंडातल्या तोंडात हिशेब करत राहिले. मग म्हणाले, "साडेचार टीएमसीच्या जरा आत. गंगापूरपेक्षा कमी भरलं की गं." आणि त्यांचा चेहरा खुलला, जणू लांबच्या नात्यातलं कुणी निघालं. गंगापूर म्हणजे नाशिकचं धरण, साडेपाच टीएमसीचं, नानांच्या गेजवर जे पाणी यायचं त्यातलं बरंचसं तिथूनच सुटलेलं. जायकवाडी 102 टीएमसी. पण पसरायला रटलंड वॉटर खूप पसरलेलं आहे, घोड्याच्या नालासारखं, मधे हॅम्बल्टनची जमीन घुसलेली, आणि पश्चिमेकडची दोन्ही टोकं उथळ. तिथे धरण भरत होतं तेव्हाच, म्हणजे 1975 मध्येच, राखीव जागा ठेवली आणि बांध घालून वेगळी तळी केली, म्हणजे मुख्य पाणी चढलं उतरलं तरी तळ्यांची पातळी पक्ष्यांना हवी तशी राखता येते. नानांनी ती सगळी छोटी दारं, पाइप, बांध वाकून वाकून बघितले. त्यांना बदकांपेक्षा आधी ते दिसलं.

"आपल्याकडं हे कोणी ठरवून केलं नाही," ते म्हणाले. "आपल्याकडं गाळानं केलं." हे मला कधी सुचलं नव्हतं. बंधारा झाला, दरवर्षी पुराबरोबर माती येत गेली, वर्षं उलटत गेली तसा बंधाऱ्यामागे गाळ साठला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, गुडघाभर पाणी झालं, आणि बदकांना जे हवं असतं ते नेमकं तेच. खात्यात गाळ हा शिवीसारखा शब्द, गाळामुळे साठा कमी होतो, नानांनी त्यावर किती रिपोर्ट लिहिलेले मला आठवतात. त्याच गाळावर थापटे उतरत होते.

नोव्हेंबरच्या मोजणीला मी त्यांना घेऊन गेले. आमच्या तुकडीत पाच जण आहेत, मला ज्यांनी पहिला शोव्हलर दाखवला ते आजोबा आता तुकडीचे मुख्य, निवृत्त शिक्षक. प्रत्येकाला आपला आपला पट्टा वाटून दिलेला असतो आणि पट्ट्याच्या हद्दी पक्क्या, दुसऱ्याच्या हद्दीतलं बदक आपण मोजायचं नाही. नाना माझ्या शेजारी बाकावर बसले. मी स्कोप डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत क्लिकर दाबत होते. थोड्या वेळाने तळ्याच्या मधोमध मोठा थवा बसलेला होता, चारशे-पाचशे तरी, त्यात एकेक मोजणं शक्य नाही. मग आधी दहा मोजायची, ती दहा डोळ्यात किती जागा घेतात ते धरायचं, मग पन्नासाचा तुकडा, आणि तोच तुकडा थव्यावर एकापुढे एक ठेवत जायचा. नानांना मी हे कुजबुजत सांगितलं तर ते एकदम मोठ्यांदा म्हणाले, "हे तर आपलं विसर्ग काढायचं झालं!" हाइडमधले सगळे वळून बघायला लागले. नदीचा विसर्ग काढताना पात्राचे उभे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यातली खोली आणि वेग मोजतात आणि मग बेरीज करतात. आणि लासलगावच्या मार्केटात ट्रॉलीकडे नुसतं बघून किती क्विंटल कांदा ते सांगणारी माणसं आहेतच की, तेही हेच करतात बहुतेक. मग नानांनी स्वतःच्या दुर्बिणीतून मोजलं आणि माझ्यापेक्षा 40 कमी सांगितले. मी परत मोजले. नाना बरोबर होते, मी थव्याच्या मागे बसलेल्या कूटचा एक पट्टा बदकांत धरला होता.

कूट म्हणजे वारकरी. हा काही बदकांच्या घराण्यातला नाही, काळाकुट्ट गुबगुबीत पक्षी, कपाळावर चोचीपासून वर चढलेला पांढरा टिळा, तो टिळा बघितला की मराठीतलं नाव लगेच पटतं. नांदूरला आणि रटलंडला दोन्हीकडे अगदी हाच पक्षी आहे. आणि नोव्हेंबरात रटलंडला वारकऱ्याच्या मागे मागे एक बदक हिंडत असतं, गॅडवॉल, आपल्याकडे गडवाल म्हणतात. लांबून नुसतं राखाडी, काही खास नाही असं वाटतं. पण स्कोपमध्ये त्याची छाती बघावी, प्रत्येक पिसावर बारीक काळ्या-पांढऱ्या कमानी, एकावर एक, इतक्या सुबक की पैठणीच्या पदराचं काम बघत बसावं तसं होतं, आणि शेपटीकडे मखमली काळा रंग. रटलंड वॉटरला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, 1991 साली रामसर यादीत नाव आलं, ते मुख्यतः या गडवालमुळे आणि थापट्यामुळे.

तर हा गडवाल बुडी मारत नाही. वारकरी बुडी मारतो, तळाची हिरवी वेल तोंडात धरून वर येतो, आणि वर गडवाल वाटच बघत असतो. सरळ दुसरं टोक धरून ओढायला लागतो. वारकरी पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा तेच. नाना ते बघून खळखळून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाले, "वारकरी आहे, वाटून खाणारच."

हंसाचं मात्र मला जरा जड गेलं. नानांना इथे यायच्या आधीपासून हंस बघायचा होता. आपल्या मनात हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन, मानसरोवरात राहणारा, मोती वेचणारा, दुधातलं पाणी वेगळं करणारा. इथे हंस जवळजवळ प्रत्येक तळ्यात असतो, म्यूट स्वान, नारिंगी चोच आणि चोचीच्या मुळाशी काळा उंचवटा. बारा किलोपर्यंत वजन भरतं, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सगळ्यात जड असलेल्यांपैकी एक. लंडनकडच्या थेम्स नदीवर तर दर जुलैमध्ये राजाची माणसं होड्या घेऊन हंसांची शिरगणती करतात, कारण उघड्या पाण्यातल्या खूण नसलेल्या हंसांवर राजाचा हक्क, ही पद्धत मध्ययुगापासूनची. आमच्या समोर आला तो नर, मान वळवून, पंख पाठीवर शिडासारखे फुगवून, आणि मग अर्धा पाण्यात उलटा झाला, बूड वर, काळे पाय हवेत. तळाचं गवत उपटून खात होता. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जेवतोय बिचारा."

नंतर चालताना मी त्यांना सांगितलं की आपल्या जुन्या हंसाच्या गोष्टी ज्याच्यावरून आल्या असतील तो मला तरी हा वाटत नाही. हा आपल्याकडे क्वचित वाट चुकून येतो. आपला हंस पट्टकदंब असावा, राखाडी, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, तिबेट-मंगोलियाकडे अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो, संध्याकाळी हरभऱ्याच्या शेतात चरायला येतो. नाना म्हणाले, "तो? त्याला आम्ही हाकलायचो की."

तेवढ्यात आठ-दहा हंस उडाले. पाण्यावर पाय आपटत धावत धावत, दोन्ही पाय आळीपाळीने, थाप थाप थाप, इतकं लांब की आता नाही उठत असं वाटावं, आणि मग उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले. हा हंस उडताना पंखांतून एक आवाज येतो, घुमणारा, तालात, म्हणजे लयीत कुणी श्वास सोडतंय असा. नानांनी मंकी कॅप काढून तो ऐकला.

इथे गूज पण पुष्कळ, बदकाहून मोठे आणि हंसाहून लहान. ग्रेलॅग गूज इथलाच. कॅनडा गूज मात्र सतराव्या शतकात राजाच्या बागेत शोभेला आणलेला, आता सगळीकडे. इजिप्शियन गूज तसाच, श्रीमंतांच्या बागांमधून सुटलेला, डोळ्याभोवती तपकिरी डाग, रटलंड वॉटरला त्याची पिल्लं होतात. मी हे सगळे सारख्याच मनाने मोजते. पण एक बदक असं आहे ज्याच्याबद्दल मला अजून झोंबतं. रडी डक, अमेरिकेचं, विटकरी अंग आणि चक्क निळी चोच. 1950 च्या दशकात स्लिमब्रिज इथल्या पाणपक्ष्यांच्या संग्रहातून सुटलं आणि पन्नास वर्षांत देशभर काही हजार झालं. मग ते युरोपभर फिरायला लागलं आणि स्पेनमध्ये पांढऱ्या डोक्याच्या बदकाशी जोड्या जमवायला लागलं. तो स्पेनचा बदक 1977 मध्ये फक्त 22 उरला होता, लोकांनी जीव तोडून वाचवला होता, आणि आता हा संकर त्याला पुसून टाकणार होता. म्हणून ब्रिटनने रडी डक गोळ्या घालून संपवायचं ठरवलं आणि जवळजवळ संपवलं. आमच्या तुकडीच्या आजोबांनी आयुष्यभर ते मोजलं होतं. त्यांच्या जुन्या तक्त्यांमध्ये तो रकाना आहे, आकडे वाढत जातात, मग झपाट्याने उतरतात आणि मग शून्य, शून्य, शून्य. ते दरवेळी शून्य लिहितात, रकाना खोडत नाहीत. मला निर्णय पटतो. स्पेनचं ते बदक जगात दुसरीकडेही थोडंच आहे, ते गेलं असतं तर परत आलं नसतं. पण तो तक्ता हातात घेतला की घसा दाटतो.

नानांनी तो तक्ता बराच वेळ बघितला होता. त्यांना इंग्रजी आकडे आणि महिने वाचता येतात तेवढं पुरेसं होतं. एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, हे का उतरलं. तो होता स्म्यूचा. स्म्यू म्हणजे हिवाळ्यातलं छोटं पांढरं बदक, अंगावर काळ्या बारीक रेघा, इथले लोक म्हणतात की बर्फाला तडे गेल्यासारखा दिसतो. पूर्वी कडक थंडी पडली की पूर्वेकडून यायचा. आता कमी येतो. मी सांगितलं की मेलेत असं नाही नाना, तिकडे हिवाळे सौम्य व्हायला लागलेत, बाल्टिक समुद्राकडचं पाणी पूर्वीसारखं गोठत नाही, मग ते तिथेच थांबतात, एवढ्या लांब कशाला येतील. नुसता रटलंडचा आकडा बघितला तर वाटेल की स्म्यू संपला, तिकडचा आकडा बघितल्यावर कळतं की तो तिकडे वाढलाय.

"म्हणजे वर कुणीतरी दार टाकलंय," नाना म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "आपलं गेज उतरलं," ते म्हणाले, "म्हणजे गोदावरी आटली असं नसतं. गंगापूरचं दार टाकलं, दारणेचं टाकलं, की इथं पाणी उतरतं. नवीन पोरं घाबरायची. मी आधी वर फोन करायचो. एका गेजवर नदी कळत नाही." आणि मग ते आजोबांकडे वळून मराठीतच हे सगळं परत सांगायला लागले, हातांनी दारं वरखाली करून दाखवत, आणि मी भाषांतर करायच्या आधीच आजोबा मान हलवत होते.

एगल्टनच्या वाटेवर आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती त्यांना बदकांपेक्षाही आवडली. 2021 मध्ये एका तळ्यातलं पाणी उतरवून काम चालू होतं तेव्हा तिथल्याच जो डेव्हिस नावाच्या माणसाला चिखलात पाइपसारखं काहीतरी दिसलं. ते पाठीचे मणके होते. खणल्यावर दहा मीटर लांबीचा इक्थिओसॉर निघाला, समुद्रातला सरपटणारा प्राणी, 18 कोटी वर्षांपूर्वीचा, ब्रिटनमध्ये मिळालेला त्या जातीतला सगळ्यात मोठा आणि पूर्ण सांगाडा. या जिल्ह्याला समुद्र नाही म्हणतात, आणि बदकं बसतात त्याच्या खाली समुद्र पडलेला होता. नाना म्हणाले, बंधाऱ्याचा गाळ काढला तर आपल्याकडं काय निघेल गं.

जानेवारीत ते परत गेले. जाताना माझा जुना क्लिकर मागून घेतला.

आपल्याकडेही मोजणी होते, एशियन वॉटरबर्ड सेन्सस, दर जानेवारीत, 1987 पासून. नाना आता दरवर्षी चापडगावला जातात. पहिल्या वर्षी तिथली तरुण मुलं त्यांना खुर्ची देऊन बसवत होती, आता त्यांना पट्टा वाटून देतात. नावं त्यांनी आपल्या पद्धतीने लिहिलीत, शाळेच्या वहीत, रेघा मारून, गेजच्या रजिस्टरासारखेच रकाने: थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू, चक्रवाक, अडई, वारकरी. हळदीकुंकू म्हणजे आपल्याकडचं बारमाही बदक, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, ते इथे नाही मिळत, त्याची मला फार आठवण येते, म्हणजे न बघितलेल्या गोष्टीची येते तशी.

या जानेवारीत रविवारी मी हाइडमध्ये होते, पाणी अर्धं गोठलेलं, गोल्डनआय बदकाचे चार नर मान पार पाठीला टेकेपर्यंत मागे फेकून माद्यांपुढे मिरवत होते, आणि फोन थरथरला. हाइडमध्ये फोन घ्यायचा नसतो, पण नाना होते म्हणून दाराबाहेर जाऊन घेतला. मागे वाऱ्याचा आवाज, आणि लांब वारकऱ्यांची किरकिर.

"थापटे दोनशे बारा," नाना म्हणाले. "परत मोजले तर दोनशे नऊ."

म्हटलं नाना, तीनाचा फरक काहीच नाही, आम्ही पण एवढा धरतो, कुठलाही एक लिहा.

"असं कसं," ते म्हणाले. "रजिस्टर आहे ते. तू ठेव फोन, मी ते तीन बघून येतो."